दिगूभाऊंच्या तोंडचं पाणी

किस्से सगळ्यात जास्त कुठं साचत असतील तर दातांच्या दवाखान्यात. बाकीच्या दवाखान्यांत पेशंट बोलतो आणि डॉक्टर ऐकतो. आमच्याकडे पेशंटचं तोंड सताड उघडं, आत कापूस, आरसा, नळी. मग बोलणार कोण? आम्ही! समोरचा बिचारा अर्धा तास नुसता "आँ आँ" करतो आणि आमच्या घरच्या-दारच्या गप्पा त्याच्या डोक्यावरून चालू. एकदा एक जण खुर्चीतून उठला तेव्हा मी विचारलं, "दुखलं नाही ना?" तर म्हणतो, "दुखलं ना! पण ताई, तुमच्या नणंदेचं पुढं काय झालं ते सांगा आधी!"

मी शोभा. बुऱ्हाणपुरात आमच्या डॉक्टरांकडे बावीस वर्षं झाली मला. नंबर लावते, आत हाताखाली उभी राहते, आणि डॉक्टर चिडले की त्यांच्यापेक्षा जास्त चिडते, म्हणजे ते गप्प होतात. मागच्या खोलीत दिगूभाऊ असतात. प्लास्टर, मेण आणि दात घेऊन दिवसभर कवळ्या बनवतात. तापीकाठचे निम्मे म्हातारे आज शेंगदाणे फोडून राहिले ते दिगूभाऊंच्या हातच्या दातांनी.

सगळेच किस्से सांगत बसले तर दवाखाना बंद करावा लागेल. म्हणून आज फक्त दिगूभाऊंचे. त्यांना विचारून सांगते आहे बरं का! ते म्हणाले, "खुशाल सांगा शोभाताई, फक्त तो तांब्याचा नका सांगू."

म्हणून तांब्याचाच आधी सांगते.

* * *

दिगूभाऊंकडे फिरकीचा तांब्या असतो. स्टीलचा, झाकण फिरवून लावायचा, वरून धरायला कडी. पहिल्या दिवसापासून बघते, तांब्याशिवाय हा माणूस पाऊल टाकत नाही. लग्नाला तांब्या, मयतीला तांब्या. जेवायला बसले की एक घास, एक घोट, एक घास, एक घोट. विचारलं की म्हणायचे, "अंगात उष्णता आहे हो." बुऱ्हाणपूरचा उन्हाळा बघता कोणालाही ते पटायचं.

देडतलाईला आमचं दात तपासायचं शिबिर होतं. सकाळी सातला पोहोचलो आणि शाळेच्या अंगणात टेबलं मांडायला लागलो. फोनला रेंज येईना म्हणून दिगूभाऊ "हॅलो, हॅलो" करत शेताच्या बाजूनं निघाले. एका हातात फोन, दुसऱ्या हातात तांब्या! त्या दिवसांत उघड्यावर बसणाऱ्यांना पकडायला गावातल्या बायकांनी टोळी केली होती. प्रत्येकीच्या गळ्यात शिट्टी. दिगूभाऊ कपाशीच्या बांधाशी पोहोचले नाहीत तोच तीन बाजूंनी शिट्ट्या!

दिगूभाऊ गोंधळून म्हणाले, "अहो बाई, हे प्यायचं पाणी आहे!"

टोळीची म्होरकी कमरेवर हात ठेवून म्हणाली, "सगळे असंच म्हणतात. पिऊन दाखवा!"

दिगूभाऊंनी उभ्या उभ्या अर्धा तांब्या घटाघटा रिकामा केला. बाईचे डोळे मोठे झाले. मागं वळून बाकीच्यांना ओरडून म्हणाली, "बघा गं बायांनो! पुरावा पिऊन टाकला!"

* * *

दुसरी गोष्ट त्यांच्या दातांची. चाळिशीच्या आतच एकेक दात किडून काळा पडायला लागला होता. सगळ्या गावाला दात देणारा माणूस, आणि त्याच्या स्वतःच्या तोंडात खिंडारं! डॉक्टरांना ते फार लागायचं. दर आठवड्याला मागच्या खोलीत जाऊन भांडायचे. "दिगू, गोड सोड! माझ्या दवाखान्याची इज्जत काढतोस!"

"साहेब, मी गोड खातच नाही."

"मग हे दात काय हवेनं किडले?"

दिगूभाऊ खरं सांगून राहिले होते, पण ऐकतो कोण? गोड, कोरडं, चिकट, काहीच त्यांच्या घशाखाली उतरायचं नाही. बिस्किटाचा तुकडा तोंडात टाकला की जिभेवर नुसता भुसा. आम्हाला मात्र वाटायचं, खातात आणि लपवतात.

शेवटी डॉक्टर रागारागानं समोरच्या मिठाईवाल्याकडे गेले. त्याची मावा जिलेबी म्हणजे, काय सांगू, काळीभोर आणि पाकानं निथळणारी! आख्खा रस्ता ऐकेल अशा आवाजात डॉक्टर म्हणाले, "आज से हमारे दिगू को एक टुकड़ा भी देना नहीं!"

मिठाईवाला झारा हातात धरून बघतच राहिला. मग शांतपणे म्हणाला, "डॉक्टर साहब, दिगू भाई तो आठ साल में एक बार नहीं आए. रोज का पाव किलो तो आपके नाम से जाता है!"

डॉक्टर परत आले ते थेट आत गेले. त्या दिवशी पेशंटशीपण बोलले नाहीत.

* * *

तुम्ही म्हणाल, दातांच्या दवाखान्यातल्याच माणसाच्या तोंडात काय चाललंय ते दवाखान्याला कळू नये? तर तीच आमची चूक. घरचा माणूस म्हणून दिगूभाऊंना आम्ही कधी खुर्चीवर बसवलंच नाही. दोन पेशंटच्या मधल्या वेळात डॉक्टर मागं जायचे, उभ्या उभ्या "आ कर" म्हणायचे, सुई टोचायचे, दात काढायचे आणि पळायचे. परक्या माणसाला आम्ही अर्धा तास तपासतो. दिगूभाऊंना आठ वर्षांत मिळून अर्धा तास दिला नसेल.

एक दाढ मात्र अशी अडकली की खुर्चीवर घ्यावंच लागलं. मी नळी धरून उभी. तोंडातलं पाणी ओढून घेणारी ती नळी, तिचा घरघर आवाज तुम्हाला माहीतच असेल. पाच मिनिटं झाली, दहा झाली. डॉक्टर म्हणाले, "शोभाताई, मशीन बंद आहे का?"

"चालू आहे की."

"मग ओढत का नाही?"

मी म्हटलं, "ओढायला काही असलं तर ओढेल ना!"

डॉक्टरांनी गालाच्या आतला आरसा काढायला घेतला, तर तो गालालाच चिकटलेला. कापसाची गुंडाळी बाहेर काढली. कपाटातून काढून घातली होती तशीच कोरडी! डॉक्टरांनी ती उजेडात धरली, बोटानं दाबली आणि स्टूल ओढून खाली बसले.

"दिगू, तुझ्या तोंडात लाळ नाहीये!"

दिगूभाऊ म्हणाले, "लाळ कुठून असणार साहेब? लाळ तर लहान पोरांना असते."

"अरे, सगळ्यांना असते!"

दिगूभाऊंनी माझ्याकडे बघितलं. मग डॉक्टरांकडे बघितलं. शेहेचाळीस वर्षांचा माणूस, घरातलं गुपित सगळ्यात उशिरा कळल्यासारखा चेहरा करून म्हणाला, "म्हणजे तुम्हा दोघांना अजून येते? ह्या वयात?"

* * *

इंदूरला स्कॅन झालं. रिपोर्ट डॉक्टरांनी आम्हाला सोप्या भाषेत सांगितला. कानाखालच्या, जबड्याखालच्या, जिभेखालच्या, लाळेच्या ग्रंथींच्या तिन्ही जोड्या गैरहजर. जन्मापासूनच! डोळ्यांत पाणी आणणाऱ्या ग्रंथीसुद्धा नावालाच. डोळे सारखे चुरचुरतात म्हणून खिशात ड्रॉप्स असायचे, त्याचंही कारण हेच निघालं. दात किडले तेही ह्याचमुळे. लाळ दातांना धुऊन काढते, सांभाळते. ती नसली की दात उघड्यावर पडल्यासारखे होतात.

दिगूभाऊ म्हणाले, "म्हणजे माल पॅकिंगमध्येच कमी आला होता! आता तक्रार कुठं करू?"

आम्ही हसलो. डॉक्टर हसले नाहीत. दिगूभाऊंचा हात धरून म्हणाले, "दिगू, आठ वर्षं तुला खोटं पाडलं रे मी. चुकलो." बावीस वर्षांत डॉक्टरांच्या तोंडून "चुकलो" हा शब्द मी एकदाच ऐकलाय.

दिगूभाऊ म्हणाले, "जाऊ द्या साहेब. आता मावा जिलेबी फक्त तुम्ही सोडा."

मग डॉक्टरांनी इंदूरहून बनावट लाळेची बाटली मागवली. तोंडात फवारायची. दिगूभाऊंनी ती उलटीसुलटी करून बघितली. दवाखान्याबाहेरच्या भिंतीकडे नजर टाकली. गुटखेवाल्यांनी ती भिंत खालून वरपर्यंत लाल करून ठेवली आहे. मान हलवून म्हणाले, "काय जमाना आहे! गावात जी रस्ताभर फुकट पडलेली असते, ती मला इंदूरहून विकत आणावी लागून राहिली!"

* * *

खरी गंमत पुढं झाली. दिगूभाऊ म्हणायला लागले, "तोंडाला पाणी सुटलं, तोंडाला पाणी सुटलं, असं लोक म्हणतात. ते खरंच सुटतं?"

मी म्हटलं, "मग काय!"

"मला वाटायचं, नुसतं बोलायचं म्हणून बोलतात. भूक लागली की पोटात कावळे ओरडतात म्हणतो ना आपण? कावळे कुठं खरे असतात! तसंच हे."

बरोबरच होतं हो त्यांचं. त्यांना सांगायला कोण गेलं होतं?

आता त्यांना ध्यासच लागला. जो दिसेल त्याला विचारायचं, कसं वाटतं? कुठून येतं? आधी कळतं का अचानक येतं? पेपरवाल्याला विचारलं, वीजबिलवाल्याला विचारलं. नेपानगरहून एक मास्तर दात दाखवायला यायचे, त्यांनी व्याख्याच सांगितली. दिगूभाऊंचं समाधान होईना. एका दुपारी ते मंडईतून कैऱ्या घेऊन आले. बाहेरच्या बाकावर पेशंट बसलेले. दिगूभाऊ त्यांच्यासमोर स्टूल टाकून बसले, करकर कैरी कापली, मीठ लावलं, तिखट भुरभुरलं, आणि एकेकाचं तोंड निरखून विचारायला लागले, "आलं का? कुठल्या बाजूनं आलं? डावीकडून?"

आख्खा बाक गिळून राहिला होता! वास आत गेला. आत खुर्चीवर एक बाई, तिच्या दाढेत डॉक्टर सिमेंट भरून राहिले होते. मी नळी धरलेली, तर नळीतून नुसता धबधबा. डॉक्टर गरजले, "कोण कैरी कापून राहिलं तिकडं? माझं सिमेंट वाहून चाललं!"

दिगूभाऊ दारातून डोकावले. चेहरा असा खुललेला! म्हणाले, "म्हणजे खरंच सुटतं!"

* * *

दात गेलेच शेवटी. सगळे काढावे लागले. मग दिगूभाऊंनी स्वतःसाठी कवळी केली. अहो, काय कवळी होती! इतके देखणे दात त्यांनी दुसऱ्या कोणाला दिले नसतील. पण कवळी टाळूला धरून राहते ती लाळेमुळे. कोरड्या तोंडात ती कशी टिकायची? दिगूभाऊ जरा जोरात बोलले की वरची कवळी खाली. तिला चिकटवायची पेस्ट लावायचे, पण दुपारपर्यंत तीही दगा द्यायची.

खकनारहून एक आबा कवळी करायला आले होते. फारच संशयी. "हलेल. पडेल. जेवताना लाज जाईल," असं त्यांचं चाललं होतं. दिगूभाऊंनी त्यांना नमुन्याचा सेट दाखवला आणि छातीवर हात ठेवून मोठ्यानं म्हणाले, "आबा, माझ्या हातची कवळी आहे. हलली तर नाव बदलून टाका माझं!"

"टाका" म्हणताना स्वतःची वरची कवळी बाहेर आली आणि काउंटरवर टणकन पडली.

आबांनी चष्मा सावरला. कवळी उचलली, फिरवून फिरवून पाहिली आणि दिगूभाऊंच्या हातात ठेवत म्हणाले, "ही नको. दुसरी दाखवा."

* * *

इथवर हसण्याचं झालं. आता जरा अवघड सांगते.

दिगूभाऊंना एकच मुलगी, वैशाली. लहानपणी शाळा सुटली की दवाखान्यात येऊन बसायची. तिच्या गळ्यातपण पाण्याची बाटली कायम. शाळेत बाई ओरडायच्या, दर दहा मिनिटांनी पाणी कसलं पितेस म्हणून. आम्ही कौतुकानं म्हणायचो, बापाच्या पावलावर पाऊल! रिपोर्ट आल्यावर डॉक्टरांनी तिचंही स्कॅन करायला सांगितलं. तिच्यात दोन जोड्या नव्हत्या. एक होती, तीही अर्धीमुर्धी. डोळ्यांचंही बापासारखंच, कोरडे.

त्यानंतर चार दिवस दिगूभाऊ मागच्या खोलीतून बाहेर आले नाहीत. मी चहा घेऊन गेले तर हातात कोणाच्या तरी दातांचा ठसा धरून नुसते बसलेले. मला म्हणाले, "शोभाताई, मी पोरीला दिलं काय? सोनं नाही, नाणं नाही. दिलं ते हे." मी त्यांच्यावर ओरडले. म्हटलं, "नाक दिलंत ना तुमचं, तेवढंच सरळ! पोरगी कशी हुशार आहे बघा. चहा प्या मुकाट्यानं!" ओरडले खरी, पण बाहेर येऊन पदर डोळ्याला लावला.

वैशालीचं लग्न ठरायला आलं तेव्हा दिगूभाऊंनी हट्टच धरला, आधी सगळं सांगायचं. सुमनवहिनी, म्हणजे त्यांची बायको, घाबरल्या. मी आणि डॉक्टरपण इच्छापूरला सोबत गेलो. मुलाचे वडील केळीवाले शेतकरी, आडदांड माणूस, मिशा ह्या एवढ्या. दिगूभाऊ तांब्यातून तीन वेळा पाणी प्यायले आणि म्हणाले, "पाटील, मुलीला लाळ कमी आहे. जन्मापासून. उद्या तिच्या लेकरालाही हे येऊ शकतं. नंतर फसवलं असं म्हणू नका."

पाटलांनी मिशीवरून हात फिरवला. मग म्हणाले, "दिगूभाऊ, आम्ही हुंडा मागितला नाही. लाळ काय मागणार!"

* * *

बिदाईच्या वेळी सगळा मांडव रडत होता. मी रडत होते, डॉक्टर रडत होते, बँडवाल्यांतला एक जणही रडत होता. मधोमध दिगूभाऊ आणि वैशाली हातात हात घालून उभे. दोघांचेही डोळे कोरडे. दिगूभाऊंची हनुवटी थरथरत होती, छाती भरून येत होती, पण थेंब नाही.

त्यांची एक चुलत आत्या आहे, जिभेला हाड नसलेली. ती मोठ्यानं म्हणाली, "बाप म्हणावं का दगड? पोरगी चालली, टिपूस नाही डोळ्यांत! आणि पोरगीपण तशीच!"

मी तिला चांगलं सुनावणार होते, शब्द ओठावर आले होते. पण वैशालीनं आधीच बापाच्या खिशात हात घातला. ड्रॉप्सची बाटली काढली. दोन थेंब त्यांच्या डोळ्यांत टाकले, दोन स्वतःच्या. टोपण लावलं, बाटली परत खिशात ठेवली आणि म्हणाली, "चला बाबा. रडू आता."

* * *

मागच्या वर्षी वैशालीला दिवस गेले. दिगूभाऊंच्या तोंडचं पाणी पळालं असं म्हणायची सोय नाही, पण पळालंच. डॉक्टरांना एकच विचारायचे, "बाळाला येईल का साहेब हे?"

डॉक्टर सांगायचे, "येईलही, नाहीही येणार. नाणं हवेत आहे असं समज."

मुलगी झाली. ओवी नाव ठेवलं. सव्वा महिना झाल्याबरोबर दिगूभाऊ तिचं तोंड न्याहाळायला लागले. डॉक्टर रागावले. "अरे बाबा, तीन-चार महिने कुठल्याच बाळाची लाळ गळत नाही! आणि एवढ्या जिवाला मी मशीनमध्ये घालणार नाही. थांब!" सुमनवहिनींनी जुन्या मऊ धोतराची बारा लाळेरी शिवून ठेवली होती. दिगूभाऊंनी ती आणून मागच्या खोलीतल्या खणात कुलूप लावून ठेवली. म्हणाले, "आधीच नको बाहेर काढायला."

वैशाली बाळाला घेऊन माहेरीच होती. तिसरा महिना गेला. रोज सकाळी दिगूभाऊ दवाखान्यात आले की मी नुसतं "काय?" म्हणायचे. ते म्हणायचे, "कोरडं." तेवढंच आमचं बोलणं. चौथा महिना गेला. "कोरडं." शेजारच्या बायका कौतुक करायच्या, किती स्वच्छ बाळ आहे, गळ्याशी जरा ओलं नाही! दिगूभाऊ ते ऐकून उठून आत जायचे.

एकदा सकाळी आठला माझ्या घरी फोन. दिगूभाऊ ओरडले, "शोभाताई, ओलं!"

मी केस विंचरणं सोडून धावले. डॉक्टर स्कूटरवरून अर्धी दाढी करून आले. डॉक्टरांनी बाळाच्या ओठाला बोट लावलं, वास घेतला, आणि खाली मान घालून म्हणाले, "दूध आहे रे दिगू."

डॉक्टर तसेच, अर्ध्या दाढीनं, दिवसभर पेशंट बघत बसले. कोणी हसलं नाही.

* * *

आता गेल्या आठवड्यातलं सांगते आणि उठते.

दुपारी एकची वेळ. बाहेर रणरणतं ऊन. वैशाली स्वतःच्या दाढेसाठी आली होती, ती आत खुर्चीवर. सहावा महिना लागलेली ओवी बाहेर दिगूभाऊंजवळ. बाकावर देडतलाईची एक म्हातारी नंबर धरून बसली होती. मी कामं उरकून जरा टेकले होते. सकाळी मंडईतून कैरी आणली होती. कापली, मीठ लावलं, आणि पहिली फोड दाताखाली धरली.

दिगूभाऊ ओवीला दोन्ही हातांनी डोक्याच्या वर उचलून झुलवत होते. तोंड वर करून तिच्याशी बोलत होते. ओवीचं त्यांच्याकडे लक्षच नव्हतं! ती माझ्याकडे टक लावून बघत होती. माझ्याकडे कसली, माझ्या हातातल्या फोडीकडे. मी चावले की हिचे ओठ हलायचे. मी "स्स्" केलं की हिचा चेहरा आंबट व्हायचा. मी मुद्दाम दुसरी फोड घेतली.

दिगूभाऊ एकदम थांबले. तसेच, हात वर, तोंड वर.

त्यांच्या डाव्या डोळ्याच्या खाली, गालावर, काहीतरी चमकलं. हळूहळू ओघळून मिशीपर्यंत आलं. मागून दुसरं आलं. ओवीच्या ओठापासून त्यांच्या गालापर्यंत एक लांबलचक तार लोंबत होती, तुटत नव्हती.

माझ्या हातातली कैरी खाली पडली. "डॉक्टर!" मी जी किंचाळले!

डॉक्टर आतून ओरडले, "आधी दूध आहे का ते बघा!"

"पाण्यासारखं आहे! नितळ!"

आतून काहीतरी धाडकन पडल्याचा आवाज आला. वैशाली तोंडात कापूस घेऊन तशीच धावत दारात आली. तिच्यामागून डॉक्टर, हातात आरसा, मास्क एका कानाला लटकलेला. "शोभाताई, खण उघडा! लाळेरं काढा!"

बाकावरच्या म्हातारीला ह्यातलं काही कळलं नाही. तिला दिसत होता फक्त दिगूभाऊंचा ओला गाल. उठून त्यांच्या दंडावर हात ठेवून मायेनं म्हणाली, "काहून रडून राहिले भाऊ? दाढ लई दुखून राहिली का?"

मी ट्रेमधला कापूस उचलला आणि त्यांचा गाल पुसायला हात पुढं केला. दिगूभाऊंनी मान मागं घेतली. ओवी अजून वरच धरलेली.

"शोभाताई, पुसू नका," ते म्हणाले. "तोंडाला पाणी सुटलंय."